नोंदवहीतील रिकामी जागा

विज्ञानाच्या प्रयोगवहीत ‘रीडिंग बसवणे’ म्हणजे काय, हे मी स्वतः विद्यार्थिनी असतानाच शिकले. लंबकाला झोका द्यायचा, वीस आंदोलनांना लागलेला वेळ मोजायचा, आणि शेवटी गुरुत्व त्वरण ९.८ च्या आसपास आले नाही तर मागे जाऊन वेळेचे आकडे थोडे इकडेतिकडे करायचे, म्हणजे उत्तरही बरोबर येते आणि सहीही मिळते. यात काही वावगे आहे असे मला किंवा माझ्या मैत्रिणींना कधी वाटले नाही. पुढे शिक्षिका झाले, प्रयोगवह्यांचे गठ्ठे तपासायला घरी येऊ लागले, आणि वर्गातल्या सगळ्याच वह्यांत ओहमच्या नियमाचा आलेख पट्टीने आखल्यासारखा सरळ दिसत असतानाही मी सह्या करत राहिले.

नागपुरात सक्करदऱ्याच्या बाजूला असलेल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात आठवीच्या एका तुकडीबरोबर मी पाऊस आणि उष्णता हे दोन विषय घेऊन वर्षभर मोजणीचे काम केले. मुलांना स्वतः माहिती गोळा करता यावी, तिचा तक्ता मांडता यावा, आलेख काढता यावा आणि त्या आधारावर चार वाक्ये ठामपणे बोलता यावीत, एवढाच हेतू होता. वर्ष आखताना मला वाटले होते की वेळ आलेखांवर जाईल. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक वेळ त्याच्या आधीच्या पायरीवर गेला: आकडा जसा आला तसा लिहायचा, आणि आला नाही तर आला नाही असे लिहायचे. आज मागे वळून पाहताना तो वेळ वाया गेला असे मला मुळीच वाटत नाही, उलट तोच खरा अभ्यासक्रम होता असे माझे मत झाले आहे.

सुरुवात करण्यासाठी विषय शोधावा लागला नाही. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्यातल्या इतर शाळांपेक्षा उशिरा उघडतात, आणि त्या वर्षी मुले वर्गात आली तेव्हा त्यांच्या डोक्यात मेअखेरची एक बातमी ताजी होती. नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवले होते. पहिल्याच तासाला मी विचारले, “हा आकडा खरा मानायचा का?” बहुतेक हात वर गेले, कारण बातमीत दाखवले होते आणि ऊन खरोखरच भयंकर होते. मग मी फळ्यावर तीन आकडे लिहिले. नागपुरात नोंदलेले आजवरचे सर्वांत जास्त तापमान ४७.९ अंश, मे २०१३. भारतातले ५१ अंश, राजस्थानातील फलोदी, मे २०१६. आणि जगातले ५६.७ अंश, अमेरिकेतील डेथ व्हॅली, १९१३. वर्ग काही क्षण शांत झाला. मग मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “मॅडम, मंग आपलं नागपूर जगात दुसरं आलं असतं ना!” आणि लगेच एका मुलीने विचारले, “बाकीच्या केंद्रांत किती होतं त्या दिवशी?”

मला हवा होता तो प्रश्न तिने विचारला. शहराच्या परिसरातल्या ज्या केंद्रांचे आकडे त्या दिवशी व्यवस्थित आले, ते पंचेचाळीसच्या आतबाहेर होते. काही किलोमीटरच्या अंतरात हवेचे तापमान दहा अंशांनी बदलत नाही. हवामान विभागानेही पुढे संवेदक सदोष असल्याचे सांगितले. या एका तासातून वर्षभर पुरतील असे तीन प्रश्न मुलांनीच काढले आणि एका मुलीने ते सुवाच्य अक्षरात कागदावर लिहून भिंतीला चिकटवले: शेजारचा आकडा काय सांगतो? पूर्वीचे आकडे काय सांगतात? कशाने मोजले, आणि ते कुठे ठेवले होते? पुढे कोणताही आकडा वेगळा वाटला की कोणी ना कोणी मान वळवून त्या कागदाकडे पाहायचे.

पर्जन्यमापक आम्ही दोन लिटरच्या शीतपेयाच्या बाटल्यांचे केले. खांद्यापाशी बाटली कापायची, वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवायचा, तळाच्या खाचाखोचा सपाट व्हाव्यात म्हणून थोडे खडे आणि पाणी घालायचे, आणि त्या पाण्याच्या पातळीवर शून्य येईल अशी कागदाची पट्टी बाहेरून पारदर्शक चिकटपट्टीने डकवायची. बाटली वाऱ्याने पडू नये म्हणून ती विटांच्या मध्ये ठेवायची. पट्टी आम्ही शंभर मिलिमीटरपर्यंत केली होती. सक्करदरा, नंदनवन, मानेवाडा आणि दिघोरी या भागांत राहणाऱ्या मुलांपैकी ज्यांच्या घरी उघडी जागा होती अशा चौदा जणांकडे बाटल्या गेल्या आणि पंधरावी शाळेच्या गच्चीवर बसली. हवामान खात्याची चोवीस तासांच्या पावसाची नोंद सकाळी साडेआठला होते, म्हणून आमचीही वेळ साडेआठची.

बाटली करताना एक अडचण आली, आणि तिच्यापाशी थांबल्याचा मला आनंद आहे. एका मुलाने घरची मोठी बादली आणली आणि म्हणाला की बादलीत जास्त पाऊस पडेल, म्हणून तिचा आकडा मोठा येईल. वर्गातल्या बहुतेकांचे तेच मत होते. मी समजावून सांगण्याऐवजी सरळ कडांचा स्टीलचा डबा आणि आमची बाटली पावसात शेजारी शेजारी ठेवली. पाऊण तासाने मुलांनी दोन्हींत पट्टी घालून पाहिली. डब्यात पाणी पुष्कळ होते, पण उंची दोन्हींत जवळजवळ सारखीच होती. बादली मात्र वरून रुंद आणि खाली निमुळती असल्याने तिचा हिशेब वेगळा, हे त्याच मुलाने नंतर स्वतः शोधले. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हे पुस्तकातले वाक्य त्यानंतर पाठ करावे लागले नाही. मुलांनी शाळेच्या गच्चीची लांबीरुंदी पावलांनी मोजून, काल रात्री आपल्या डोक्यावर किती पाणी पडले याचे गणित कोणी न सांगता केले.

पहिल्या आठवड्याच्या वह्या तपासायला घेतल्या आणि जे दिसेल अशी भीती होती तेच दिसले. दोन वह्यांमध्ये सातही दिवसांचे आकडे सारखे होते. एका वहीत सातही नोंदी एकाच शाईत, एकाच दाबाच्या अक्षरात, म्हणजे एका बैठकीत लिहिलेल्या होत्या. काही वह्यांत पाऊस पडला नाही त्या दिवशी शून्य होते, आणि बाटली पाहायला विसरले त्या दिवशीही शून्यच होते. मी रागावले असते तर मुलांनी पुढच्या आठवड्यात अधिक हुशारीने आकडे बसवले असते, एवढे मला माझ्याच विद्यार्थिदशेवरून माहीत होते. म्हणून मी त्यांना माझ्या लंबकाची गोष्ट सांगितली. आपल्या मॅडमनी आकडे बसवले होते हे ऐकून मुले आधी गोंधळली आणि मग एकेक बोलू लागली. ज्याच्या वहीत एकाच बैठकीतल्या नोंदी होत्या तो म्हणाला, “मॅडम, रिकामं ठेवलं तं मार्क कटतात ना. म्हणून भरलं.”

त्याचे म्हणणे खरे होते. आमच्या सगळ्या व्यवस्थेत रिकाम्या जागेला शिक्षा आणि भरलेल्या जागेला बक्षीस आहे. त्या दिवशी मी नियम बदलला. नोंद घेता आली नाही तर त्या चौकटीत ‘न’ लिहायचे, म्हणजे नोंद नाही, आणि शेजारी कारण लिहायचे. ‘न’ला नोंदीइतकेच गुण. शून्य लिहायचे ते फक्त बाटली डोळ्यांनी पाहिली आणि ती कोरडी होती तेव्हाच. खाडाखोड करायची नाही. चूक झाली तर एक आडवी रेघ मारून, जुना आकडा वाचता येईल असा ठेवून, वर नवा लिहायचा आणि तारीख टाकायची. दुसऱ्या आठवड्यात वह्या ‘न’ने भरल्या. “आई गावाला गेली होती.” “साडेआठला शिकवणी होती.” “बाटली कुत्र्यानं पाडली.” तिसऱ्या आठवड्यापासून ‘न’ कमी होत गेले, आणि जे आकडे आले त्यांच्यावर मी प्रथमच विश्वास ठेवू शकले. वर्षाच्या मध्यावर शाळेला भेट द्यायला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी या वह्या चाळून, एवढ्या नोंदी अपूर्ण का, असा शेरा मारला. मी त्यांना ‘न’चा अर्थ समजावून सांगितला. त्यांना तो पटला नाही, आणि मीही नियम बदलला नाही.

ऑगस्टच्या सुरुवातीला एका सकाळच्या पंधरा नोंदी मी फळ्यावर लिहिल्या. बहुतेक अठरा ते सव्वीस मिलिमीटरच्या दरम्यान होत्या. दिघोरीकडच्या दोन नोंदी चार आणि पाच होत्या, नंदनवनातल्या एका घरची एकसष्ट, आणि मानेवाड्यातली एक सात. मुलांनी ताबडतोब ठरवून टाकले की चार फटकून असलेले आकडे चुकीचे, ते काढून टाकावेत. मी त्यांना भिंतीवरच्या कागदाकडे पाहायला सांगितले. दिघोरीच्या दोन घरांत अंतर फार नव्हते आणि दोघांचे आकडे एकमेकांना धरून होते; पावसाळी ढग शहराच्या एका कडेला बरसून दुसरी कडा कोरडी ठेवू शकतो, त्यामुळे ते आकडे खरे असण्याची शक्यता मोठी होती. नंदनवनातल्या मुलीच्या दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांकडे मात्र वीस-बावीसच पडला होता. ती संध्याकाळी घरी गेली, पाऊस येण्याची वाट पाहत दारात उभी राहिली, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात आल्या आल्या सांगू लागली की शेजारच्या पत्र्याची पन्हाळ बाटलीच्या अगदी वर येते आणि वारा सुटला की तिची धार नेमकी नरसाळ्यात पडते. मानेवाड्याची बाटली कडुनिंबाखाली होती. दोघांनी जागा बदलल्या आणि आधीच्या नोंदींवर रेघ न मारता शेजारी ‘पन्हाळीचे पाणी’, ‘झाडाखाली’ असे लिहिले. मोठा आकडा चुकीचा असतो किंवा वेगळा आकडा चुकीचा असतो असा सोपा नियम नाही, जाऊन पाहावे लागते, हे त्या मुलीने दारात उभे राहून जितके शिकले तितके मी तासभर बोलून शिकवू शकले नसते.

त्याच महिन्यात मी आणखी एक तपासणी मुलांकडूनच करून घेतली. शून्य सोडून बाकी सगळ्या नोंदींचा फक्त शेवटचा अंक घ्यायचा आणि शून्य ते नऊ यांच्यासमोर ताळ्याच्या खुणा करायच्या. पावसाला शून्य आणि पाच या अंकांचे काही विशेष प्रेम नाही, तेव्हा या दोघांचा वाटा दहात दोन, म्हणजे पाचातून एक असायला हवा. आमच्याकडे तो निम्म्याच्या जवळ निघाला. मुले एकमेकांकडे संशयाने पाहू लागली. पण या वेळी कारण खोटेपणाचे नव्हते. आमच्या पट्टीवर पाच-पाच मिलिमीटरच्या रेघा ठळक होत्या, मधल्या फिकट होत्या आणि पावसाने पुसट झाल्या होत्या, त्यामुळे डोळा आपोआप ठळक रेघेकडे जात होता. आम्ही सगळ्या पट्ट्या नव्याने आखल्या. साधनाची घडण माणसाच्या नजरेला कशी वळवते, हे एवढ्या साध्या मोजदादीतून दिसले.

पट्टीवरून आठवले, सगळ्यांत मोठा पेच पट्टीच्या वरच्या टोकाशी उभा राहिला होता. जुलैत एका रात्री असा पाऊस झाला की सकाळी शाळेच्या गच्चीवरची बाटली काठोकाठ भरून ओसंडलेली होती. ती नोंद घेण्याची पाळी ज्या मुलीची होती तिने आधी १०० लिहिले, मग त्यावर रेघ मारून ‘न’ लिहिले, आणि माझ्याकडे येऊन म्हणाली, “दोन्ही खोटंच वाटून राहिलं मॅडम.” शंभर म्हणावे तर पाऊस त्याहून जास्त पडला होता. नोंद नाही म्हणावे तर आपल्याला काहीतरी नक्की माहीत होते. वर्गाने पाऊण तास वाद घातला आणि शेवटी ‘१००+’ असे लिहायचे ठरले, म्हणजे किमान शंभर, जास्त किती ते ठाऊक नाही. त्याच चर्चेत एका मुलाने सप्टेंबर २०२३ चा विषय काढला. त्याची आत्या अंबाझरी तलावाच्या खालच्या वस्तीत राहते, आणि २३ सप्टेंबरच्या पहाटे तलाव ओसंडून नाग नदीचे पाणी घराघरांत शिरले तेव्हा तिच्या घरातली सगळी चीजवस्तू भिजली होती. त्या रात्री चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला होता. त्याचा प्रश्न असा होता की तेवढाच पाऊस चोवीस तासांत सावकाश पडला असता तर आत्याच्या घरात पाणी शिरले असते का, आणि आपली बाटली हे दोन पाऊस वेगळे ओळखू शकते का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असेच होते. पुढच्या दोन-तीन सरींना आम्ही दर पंधरा मिनिटांनी पातळी पाहिली, आणि एकूण पाऊस व पावसाचा जोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या उंच-ठेंगण्या स्तंभांच्या आलेखातून सगळ्यांना दिसले.

‘१००+’ची खरी किंमत सरासरी काढताना कळली. शाळेच्या बाटलीची जुलैची दैनिक सरासरी तेराच्या आसपास येत होती, पण त्या एका दिवसामुळे ती किमान तेरा एवढेच म्हणता येत होते. मध्यक त्यांच्या पुस्तकात अजून आलेला नव्हता. मी तो तिथेच शिकवला. एकतीस चिठ्ठ्यांवर एकतीस दिवसांचे आकडे लिहून चढत्या क्रमाने दोरीवर लावले आणि मधली सोळावी चिठ्ठी काढली. तिच्यावर तीन होते. मग मी शेवटच्या टोकाच्या ‘१००+’ चिठ्ठीकडे बोट दाखवून विचारले की हा आकडा शंभर असो, दीडशे असो की दोनशे, मधली चिठ्ठी बदलेल का? ती बदलत नाही हे पाहून जो आनंद मुलांच्या चेहऱ्यावर उमटला तो मी विसरणार नाही. सरासरी तेरा आणि मध्यक तीन, मग खरा पाऊस कोणता, असे विचारणाऱ्यांना मी उलट विचारले की तुम्हाला कशासाठी हवा आहे. विहिरीत किती पाणी जाईल हे पाहायचे तर एकूण पाऊस हवा. साधारण दिवशी छत्री कितपत भिजते हे सांगायचे तर मध्यक बरा. एका मुलीने हा सगळा तक्ता उमरेड तालुक्यात शेती करणाऱ्या आपल्या आजोबांना दाखवला. ते म्हणाले, “किती पडला ते ठीक आहे बाई, पण सोयाबीन पेरल्यावर किती दिवस नाही पडला, ते लिव्ह ना.” त्या वाक्याने आमच्या वहीत एक रकाना वाढला. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे अडीच मिलिमीटर किंवा अधिक पाऊस पडलेला तो पावसाचा दिवस. दोन पावसाच्या दिवसांमधले कोरडे दिवस आम्ही त्या रकान्यात मोजू लागलो. चौदा घरांच्या नोंदींत या कोरड्या ओळी एकमेकींच्या खाली लावल्यावर जो तक्ता तयार झाला, तो मला आमच्या सगळ्या कामातला सर्वांत उपयोगी वाटतो.

संगणकाविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्याचा वाटा थोडकाच होता. दिवाळीच्या सुटीनंतर सगळ्या नोंदी स्प्रेडशीटमध्ये भरल्या तेव्हा दोन अडथळे आले. मराठी कळफलकावरून टाइप केलेले देवनागरी अंक आमच्या संगणकांनी अक्षरे समजून घेतले आणि बेरीज शून्य दाखवली. शिवाय काही मुले इंग्रजी अंक लिहितात व काही देवनागरी, त्यामुळे एकाच्या वहीतला इंग्रजी नऊ दुसऱ्याने देवनागरी एक म्हणून भरला. मूळ वह्यांत खाडाखोड नव्हती म्हणून या चुका सापडल्या. माझे स्पष्ट मत असे आहे की या वयात पहिला आलेख हातानेच, आलेख कागदावर काढायला हवा. अक्ष कुठून सुरू करायचा हे संगणक ठरवून मोकळा होतो. हाताने काढताना ते मुलाला ठरवावे लागते. पावसाचा स्तंभ शून्यापासूनच उभा राहिला पाहिजे, कारण स्तंभाची उंची हाच पाऊस. पण तापमानाच्या रेषालेखात शून्यापासून सुरुवात केली तर नागपूरचा मार्च सगळा वरच्या कोपऱ्यात गोळा होतो आणि काहीच दिसत नाही. हे मुलांनी दोन्ही प्रकारे काढून, दोन कागद शेजारी धरून ठरवले.

उन्हाळ्याचे काम मार्चच्या उत्तरार्धात सुरू झाले. पत्र्याचे घर स्लॅबच्या घरापेक्षा किती गरम असते, हा प्रश्न मुलांनीच निवडला, आणि तो त्यांच्या घरचाच प्रश्न होता. वर्गातली निम्मी मुले पत्र्याखाली राहतात. करोनाच्या काळात शाळेत आलेले कपाळावर धरायचे तापमापक वापरावेत असे एकाने सुचवले. पण ते माणसाच्या अंगाच्या तापासाठी बनवलेले असल्याने उन्हातल्या भिंतीवर धरताच आकड्याऐवजी ‘हाय’ एवढेच दाखवत होते. ते पाहून पर्जन्यमापकाची मुलगी म्हणाली, “हे आपलं शंभर-अधिकच आहे.” शेवटी आम्ही प्रयोगशाळेतले लाल द्रव असलेले काचेचे तापमापक घेतले, पाऱ्याचे मुद्दाम टाळले. छपरावर कोणी चढायचे नाही. खोलीच्या मध्यभागी, भिंतीपासून दूर, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर दोरीला टांगायचे, पाच मिनिटे थांबायचे आणि मग वाचायचे, असा नियम ठरला. वेळा दोन: दुपारी दोन आणि रात्री दहा.

दुपारचे आकडे सगळ्यांना अपेक्षित होते तसे आले, पत्र्याच्या खोल्या अधिक तापलेल्या. रात्री दहाच्या आकड्यांनी वर्ग चक्रावला. अनेक घरांत पत्र्याची खोली बरीच निवली होती आणि स्लॅबची खोली तिच्याहून गरम होती. दोन मुलांनी तर ताबडतोब आपली चूक झाली असे म्हणून रेघ मारायला पेन काढले. वर्षभर शिकवलेले सगळे त्या पेनाच्या टोकाशी आले आहे असे मला वाटले, आणि मी काही बोलणार तेवढ्यात त्यांच्याच बाकावरची मुलगी म्हणाली, “काऊन खोडतो? आधी दुसऱ्यांचं पाह्य ना.” दुसऱ्यांचेही तसेच होते. जाड काँक्रीट दिवसभर उष्णता साठवत राहते आणि सूर्य मावळल्यावर तासन्‌तास खोलीत सोडत राहते. पातळ पत्रा लवकर तापतो आणि लवकर निवतो. यातला काही भाग पुस्तकात विशिष्ट उष्माधारकतेच्या नावाने येतो, पण मुलांनी हे आपल्या घरच्या रात्रीत आधी पाहिले. एका नोंदीचे कोडे मात्र आठवडाभर सुटले नाही. एक पत्र्याची खोली भर दुपारी इतर सर्वांपेक्षा थंड होती. होळी झाल्यावर नागपुरात कूलर धुऊन, नवे गवत लावून सुरू होतात, आणि त्या घरचा कूलर सुरू झाला होता. आमच्या वहीत कूलरचा रकानाच नव्हता. आधीच्या नोंदींपैकी कोणत्या वेळी कूलर चालू होता हे आठवून भरायला काही मुले तयार झाली. वर्गाने ते नाकारले. जे त्या वेळी पाहिले नाही ते आता आठवून लिहायचे नाही, असे ठरले, आणि त्या सगळ्या चौकटींत ‘न’ पडले.

एप्रिलमध्ये परीक्षेच्या आधी आम्ही वर्षाचा एकत्रित तक्ता तयार करायला बसलो. पावसाळ्यात ज्या मुलीने ‘१००+’ लिहिले होते तिने दरम्यान कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावरून आमच्या महसूल मंडळाचा त्या दिवसाचा पाऊस शोधून काढला होता. आकडा हाती होता, नेमका होता आणि सरकारी होता. ‘१००+’ खोडून तिथे तो लिहावा, म्हणजे सरासरीही पूर्ण होईल, असे चार-पाच जणांचे म्हणणे पडले. ती स्वतः बराच वेळ वहीकडे पाहत बसली. मग तिने पट्टी घेतली, पानाच्या उजव्या कडेला एक नवा रकाना आखला, वर ‘मंडळाची नोंद’ असे शीर्षक दिले आणि तो आकडा तिथे लिहिला. डावीकडची ‘१००+’ची चौकट तिने होती तशीच ठेवली, आणि खाली आपली सही करून दोन्ही नोंदींच्या तारखा टाकल्या.